अवंतिकाबाई गोखले : लिहिलेले चरित्र आणि जगलेले चरित्र

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढते, इगतपुरीला क्षणभर दम खाते आणि पुढे आमच्या घोटीवरून नाशिकच्या दिशेने निघून जाते. दिवाळीच्या दिवसांत या वाटेच्या दोन्ही अंगांना भाताची सोंगणी चाललेली असते. खिडकीतला प्रवासी ती घटकाभर पाहतो आणि विसरतो. १९१७ सालीही मुंबईहून बिहारकडे जायचा मुख्य लोहमार्ग हाच होता. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईचे एक मराठी जोडपे चंपारणच्या खेड्यांत मुले शिकवायला गेले. नवऱ्याचे नाव बबनराव गोखले, बायकोचे अवंतिकाबाई. पुढच्याच वर्षी या बाईंनी मराठीत गांधींचे चरित्र लिहिले. गांधींच्या मराठी चरित्रांतले ते अगदी पहिल्यांपैकी एक, आणि त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची.

ही एवढी गोष्ट आपल्यापैकी कितीजणांच्या कानावर आहे? आमच्याकडे संध्याकाळी जमणाऱ्या चार वाचकांत मी हा प्रश्न सहज टाकून पाहिला. मराठीत गांधींवर आधी कोणी लिहिले, म्हणून विचारले, तेव्हा कोणी विनोबांचे नाव घेतले, कोणी साने गुरुजींचे, कोणी आचार्य जावडेकरांचे. एक आजीबाई मात्र म्हणाल्या, “कोणी बाईने लिहिले असेल तर ते कुणाच्या लक्षात राहायचे?” आजीबाईंचा तो टोमणा मनात घर करून बसला, आणि हा लेख त्यातूनच आला. पण लिहिता लिहिता असे वाटू लागले की विसरण्याचे कारण केवळ बाईपण हे नाही. आपण चरित्रकार कोणाला म्हणतो आणि वाङ्मय कशाला म्हणतो, याच्याशीही त्याचा संबंध आहे.

बाईंचा जन्म १८८२ सालचा, इंदूरचा. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले, आणि लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. शिक्षण झाले ते सासरी, नवऱ्याच्या आग्रहाने. रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी, लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांतून आपल्या परिचयाची झालेली हीच वाट. नवऱ्याने पाटी हातात द्यायची, घरातल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडायचे आणि मुलीने दोन्ही सांभाळून पुढे जायचे. अवंतिकाबाईंनी पुढे मुंबईत परिचारिकेचे आणि सुइणीचे शिक्षण घेतले. इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर १९१३ च्या सुमारास त्या विलायतेलाही जाऊन आल्या. ते वर्ष इंग्लंडात स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याचे अतिशय तापलेले वर्ष होते. त्याच वर्षी एमिली डेव्हिसन नावाची बाई डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेली आणि त्या आघाताने मरण पावली. नऊ वर्षांची असताना निरक्षर असलेली एक मराठी बाई वयाच्या तिशीत त्या लंडनमध्ये वावरते, ही केवळ योगायोगाची गंमत नव्हे. एका पिढीने किती अंतर चालून काढले, याचे ते माप आहे.

आता वाङ्मयाच्या बाजूने पाहू. १९१८ च्या आधी मराठी स्त्रियांनी लिहिलेल्या चरित्रपर ग्रंथांत दोन विशेष डोळ्यांत भरतात. एक रमाबाई रानड्यांचा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० सालचा. दुसरा काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र. दोन्ही थोर आहेत. पण त्यांचे विषय पाहा. रमाबाई आपल्या पतीविषयी लिहितात आणि त्या निमित्ताने स्वतःविषयी. काशीबाई एका स्त्रीविषयी, आपल्यासारख्याच वाटेवरून गेलेल्या एका बहिणीविषयी लिहितात. दोघींच्या लेखणीला नात्याचा परवाना आहे. पतीविषयी पत्नीने आणि स्त्रीविषयी स्त्रीने लिहावे, याला त्या काळच्या समाजाची फारशी हरकत नव्हती.

अवंतिकाबाईंनी हा परवाना मागितला नाही. त्यांचा विषय ना नात्यातला, ना स्त्री, ना मराठी. दक्षिण आफ्रिकेतून जेमतेम तीन वर्षांपूर्वी परतलेला एक गुजराती बॅरिस्टर, ज्याच्याविषयी महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना अजून अंदाज बांधता येत नव्हता, असा माणूस त्यांनी निवडला. एका हिंदुस्थानी राजकीय पुरुषाचे मोल ठरवण्याचे काम एका मराठी बाईने अंगावर घेतले, ही त्या पुस्तकाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाजू. पुढे स्त्रियांनी राजकारणावर पुष्कळ लिहिले. पण त्या वाटेवरच्या पहिल्या काही पावलांत हे एक आहे, आणि वाङ्मयेतिहासाने त्याची नोंद याच दृष्टीने घ्यायला हवी होती.

कोणी म्हणेल, एवढ्याने ग्रंथ मोठा ठरत नाही; आणि ते खरेच आहे. या चरित्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जिवंत माणसाचे चरित्र, तेही त्याच्या छायेत काम करून आल्याबरोबर लिहिलेले, म्हणजे त्यात दुरून पाहणे कमी आणि जवळून भारावणे अधिक असणारच. शिवाय १९१८ च्या आरंभी गांधींच्या हिंदुस्थानातल्या कार्याचा आरंभच कुठे झाला होता? रौलट कायदा पुढचा, जालियनवाला बाग पुढची, असहकार पुढचा, दांडी तर बारा वर्षे पुढची. आपण आज गांधींचे म्हणून जे जे आठवतो त्यातले बहुतेक काहीच त्या पुस्तकात असणे शक्य नव्हते. आफ्रिकेतला सत्याग्रह आणि चंपारण, एवढ्या सामग्रीवर हा डाव मांडलेला होता.

पण याच मर्यादेत त्या पुस्तकाचे खरे मोल आहे, असे माझे मत आहे. ज्याचा शेवट ठाऊक आहे अशा माणसाचे चरित्र लिहिणे तुलनेने सोपे. शेवटाच्या उजेडात आरंभाची प्रत्येक गोष्ट अर्थपूर्ण दिसू लागते, आणि बालपणीच्या एखाद्या क्षुल्लक प्रसंगातही आपण थोरपणाची चिन्हे शोधतो. शेवट ठाऊक नसताना लिहिणाऱ्याला हा आधार नसतो. उद्या हा माणूस चुकेल, वाकेल किंवा विसरला जाईल, आणि आपले पुस्तक आपल्यालाच हसेल, ही जोखीम पत्करूनच त्याला लिहावे लागते. अशा चरित्राला मी हुंडी म्हणेन. वटेल की नाही याची खात्री नसताना केवळ विश्वासावर लिहून दिलेली हुंडी.

ही जोखीम नुसती कल्पनेतली नव्हती. ज्या वर्षी हे चरित्र निघाले त्याच वर्षीच्या एप्रिलात दिल्लीला व्हाइसरॉयची युद्धपरिषद भरली. गांधींनी तिथे सरकारला मदत देण्याच्या ठरावाला पाठिंबा दिला, आणि त्यानंतर खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून ते सैन्यात भरती होण्याचा उपदेश करू लागले. अहिंसेचा पुरस्कर्ता युद्धासाठी माणसे मागतो! ज्या खेड्यांत सत्याग्रहाच्या वेळी बैलगाड्या फुकट मिळत, तिथे आता भाड्यानेही मिळेनात, असे खुद्द त्यांनीच पुढे आत्मकथेत नमूद केले आहे. त्या पावसाळ्यात ते इतके आजारी पडले की जगण्याची आशा सुटली. शांततेच्या विचाराचा माग घेणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला हे प्रकरण आजही अडखळायला लावते. मग ज्या बाईंचे चरित्र नुकतेच लोकांच्या हाती गेले होते, त्यांच्या वाचकांना ते किती अडखळवून गेले असेल! भक्तिभावाने लिहिलेली चरित्रे अशा ठिकाणी कोसळतात. ती सावरायची झाली तर शब्दांची डागडुजी पुरत नाही. लिहिणाऱ्याने पुढे काय केले, हे पाहावे लागते.

प्रस्तावनेकडेही एक नजर टाकली पाहिजे. टिळक आणि गांधी यांचा मार्गभेद प्रसिद्ध आहे. १९२० च्या जानेवारीत तो ‘यंग इंडिया’त उघड उमटला. राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, असे टिळकांचे म्हणणे. उलट गांधींनी त्यावर बुद्धवचनाचा आधार घेऊन उत्तर दिले. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वमान्य पुढाऱ्याने गांधींची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, ही संधी दोन-अडीच वर्षांपुरतीच खुली होती, आणि ती साधली अवंतिकाबाईंच्या पुस्तकाने. ज्या घरांत ‘केसरी’ हाच वेद होता, त्या घरांच्या उंबऱ्यावर टिळकांचे नाव पुढे धरून हे पुस्तक उभे राहिले. बाईंनी हे डावपेच म्हणून केले असे मी म्हणत नाही. पण दोन दिशांना तोंडे असलेल्या दोन माणसांना एका पुठ्ठ्याच्या आत बसवणे, हेही शांततेचेच काम आहे. भांडणे मिटवण्याआधी भांडणाऱ्यांना एका ओसरीवर आणावे लागते.

तर चंपारणात बाईंनी पाहिले तरी काय होते? तिथला कुळी शेतकरी ‘तीनकठिया’ पद्धतीने बांधलेला होता. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे त्याने मळेवाल्यासाठी नीळ पिकवण्यात घालवलेच पाहिजेत, असा जाच. गांधी एप्रिल १९१७ मध्ये तिथे गेले, चौकशी झाली, आणि १९१८ साली कायद्याने ही पद्धत उठली. पण कायद्याने नीळ उठली तरी अज्ञान आणि घाण उठत नाही, हे ओळखून गांधींनी शाळा काढायचे ठरवले. पहिली शाळा नोव्हेंबर १९१७ मध्ये बरहरवा लखनसेन या गावी निघाली, आणि तिथे गोखले पतिपत्नी गेली. या कामासाठी महाराष्ट्राने आणि बेळगावने चांगली माणसे दिली. भारत सेवक समाजाचे डॉ. देव, बेळगावचे वकील सोमण आणि तरुण पुंडलिक, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन ही त्यांतली काही नावे. मराठी माणसाला गांधी मानवले नाहीत, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांखालून घालावी.

या स्त्रियांपुढे पहिली अडचण भाषेची. हिंदी धड येत नाही, तर मुलांना शिकवायचे कसे? गांधींनी सांगितले की व्याकरण आणि अक्षरे हे दुय्यम. आधी स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा. आत्मकथेत त्यांनी आवर्जून लिहिले आहे की अवंतिकाबाईंची शाळा नमुनेदार ठरली, आणि या बायकांमुळेच खेड्यातल्या स्त्रियांपर्यंत पोचता आले. सुइणीचे शिक्षण घेतलेल्या बाईचे हात तिथे कसे कामी आले असतील, हे निराळे सांगायला नको. चरित्रकाराला आपल्या नायकाविषयी जी माहिती ग्रंथांतून, भाषणांतून, ऐकीव आठवणींतून गोळा करावी लागते, ती बाईंना झाडू आणि पाटी हातात घेऊन मिळाली. आमच्याकडे विद्वान चरित्रकार पुष्कळ झाले. पण नायकाच्या आज्ञेवरून परक्या गावातली मुले नाहू-माखू घालून मग लिहायला बसलेला चरित्रकार विरळाच.

आणि आता त्या पुढल्या आयुष्याकडे वळू, ज्याला मी या चरित्राचा दुसरा भाग समजतो.

चंपारणहून परतल्यावर त्यांनी मुंबईत हिंद महिला समाजाची उभारणी केली आणि त्याचे नेतृत्व अखेरपर्यंत सांभाळले. मुंबई महापालिकेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तेव्हा, १९२३ च्या सुमारास, सरोजिनी नायडूंबरोबर पालिकेत गेलेल्या पहिल्या चार स्त्रियांत त्या होत्या. सभागृहात वक्तृत्वाची आतषबाजी करायला सरोजिनीबाई समर्थ होत्या. गल्लीतल्या बाळंतिणीला काय हवे असते हे मात्र प्रसूतीच्या खाटेपाशी उभे राहून शिकलेल्या अवंतिकाबाईंइतके फार थोड्यांना ठाऊक असेल. राजकारण म्हणजे केवळ सिंहासनांची उलथापालथ नव्हे. नळ, मोरी, दवाखाना हेही राजकारणच, आणि स्त्रियांनी आपल्या देशाच्या राजकारणात पाऊल टाकले ते पुष्कळदा याच दाराने.

मग आले १९३० साल. मिठाचा कायदा मोडण्यासाठी मुंबईत जी पहिली तुकडी निवडली गेली, तिच्यात अवघ्या दोन स्त्रिया होत्या : तरुण कमलादेवी चट्टोपाध्याय आणि सत्तेचाळिशीच्या अवंतिकाबाई. समुद्राचे पाणी चुलीवर चढवून मीठ काढायचे. ज्या चुलीपाशी बाईचे आयुष्य बांधून ठेवलेले, तीच चूल साम्राज्याच्या कायद्याविरुद्ध उघड्यावर पेटवायची! बायकांना या लढ्याचे रहस्य पुरुषांच्या आधी का उमगले, ते या एका चित्रावरून समजते. त्याच वर्षी झेंडावंदनाच्या कार्यक्रमावरून बाईंना अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. १९३२ च्या फेरीतही तेच घडले. दोन्ही वेळा त्यांच्या बाजूने दगड उचलला गेला नाही.

इथे परदेशातल्या एका लेखिकेची आठवण होते. ऑस्ट्रियाच्या बेर्टा फोन झुट्नर यांनी १८८९ साली ‘शस्त्रे खाली ठेवा’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ती युरोपभर गाजली, बाई शांततेच्या चळवळीच्या पुढारी झाल्या, आल्फ्रेड नोबेल त्यांचे स्नेही होते, आणि १९०५ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. २१ जून १९१४ रोजी त्या वारल्या. आणखी आठवड्यातच साराजेव्होला गोळी सुटली आणि त्यांनी ज्याची धास्ती घेतली होती ते महायुद्ध पेटले. दोघींच्याही आयुष्यात आधी पुस्तक आहे आणि मग सार्वजनिक कार्य. पण झुट्नरबाईंचे कार्य परिषदांचे, पत्रकांचे, राजेरजवाड्यांना विनवण्याचे. अवंतिकाबाईंचे कार्य शाळेचे, सुतिकागृहाचे, सुताचे आणि तुरुंगाचे. एकीने युद्ध नको म्हणून सांगितले. दुसरीने युद्धावाचून लढता येते, हे स्वतःच्या अंगाने करून दाखवले. दोघींत थोर कोण, हा वाद व्यर्थ आहे. पण जगाने पहिलीला पारितोषिक दिले, आणि दुसरीला आपण तिच्याच भाषेत विसरलो.

माझ्या त्या वाचकमंडळींपैकी एकाने आक्षेप घेतला तो असा : “एक चरित्र लिहून बाई राजकारणात गेल्या. लेखिका म्हणून त्या तिथेच संपल्या. मग वाङ्मयाच्या पंगतीत त्यांचे पान कशाला मांडायचे?” आक्षेप प्रामाणिक आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारखा, भाषेच्या जिवंतपणाने पिढ्या जिंकणारा ग्रंथ अवंतिकाबाईंच्या नावावर नाही, आणि तो असल्याचा आव आणण्याचे कारणही नाही. लक्ष्मीबाई आमच्या नाशिककडच्या, म्हणून हे मी पक्षपाताने म्हणतो असेही कोणी समजू नये.

माझे उत्तर इतकेच की काही पुस्तके कलाकृती म्हणून वाचायची असतात आणि काही शपथपत्र म्हणून. शपथपत्राची भाषा सुंदर आहे की नाही हे आपण शेवटी पाहतो. शपथ घेणाऱ्याने ती पाळली की नाही, हे आधी पाहतो. अवंतिकाबाईंनी १९१८ साली मराठी माणसाला सांगितले की हा गांधी नावाचा माणूस विश्वास ठेवण्याजोगा आहे. आणि मग उरलेली एकतीस वर्षे त्या स्वतः त्या वाक्याला जामीन राहिल्या. दरवर्षी गांधींच्या वाढदिवसाला स्वतः कातलेल्या सुताचे धोतर त्या त्यांना पाठवीत. चरित्राची पुढची प्रकरणे त्यांनी शाईने लिहिली नसतील. पण ती चरखा फिरवीत लिहिली, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही.

३० जानेवारी १९४८ हा दिवस बाईंना पाहावा लागला. गांधींना मारणारा हात मराठी होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या माथ्यावरचा डाग म्हणून आपण आजवर बाळगत आलो आहोत. त्या दिवसांनंतर या प्रदेशात घरेही जळली. ज्यांचा काही अपराध नव्हता त्यांचीही. ज्या बाईंनी तीस वर्षांपूर्वी मराठी घरांत गांधींचे नाव प्रेमाने नेले होते, त्यांना तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मार्च १९४९ मध्ये त्याही गेल्या. खटल्याचा शेवट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झाला. तो त्यांना दिसला नाही.

तो मराठी हात आपण विसरत नाही, आणि विसरूही नये. पण ज्या हाताने अक्षरे उशिरा गिरवली, बाळंतिणी सोडवल्या, चंपारणची मुले न्हाऊ घातली, गांधींचे चरित्र मराठीत लिहिले, मीठ उकळले आणि सूत कातले, तो हातही मराठीच होता. एका भाषेच्या इतिहासात दोन्ही हातांना जागा असते. आपण मुलांना कोणत्या हाताची गोष्ट सांगतो, यावर त्या भाषेचे पुढचे चारित्र्य ठरते.

फराळाची ताटे आवरून झाल्यावर घरात मुले गोष्टीसाठी भोवती बसतात. या वर्षी त्यांना निरक्षर असताना बोहल्यावर चढलेल्या आणि पुढे चरित्रकार झालेल्या या बाईची गोष्ट सांगून पाहा. आमच्या घोटीवरून उत्तरेकडे जाणारी गाडी रात्री शिट्टी देते, तेव्हा मी तरी माझ्या नातवंडांना हीच सांगणार आहे.

— घोटी, जि. नाशिक